खांब चारची नोंद

रत्नागिरी आणि राजापूरचे दोन्ही जुने सर्व्हर मोडीत काढून सगळी कामं एकाच ठिकाणी आणायची आहेत, असा पुण्याहून फोन आला, तेव्हा दमयंती शेट्येला बरंच वाटलं. २००६ चा मे महिना होता. एकाच कामाच्या दोन ठिकाणी पडलेल्या दोन नोंदींची कटकट आता संपणार होती.

कंपनी पुण्याची, रस्ते आणि पूल बांधणारी. दमयंती तिच्या रत्नागिरी ऑफिसात पाच वर्षं प्लॅनिंगचं काम बघत होती. २००१ साली मोठ्या साहेबांनी ठरवलं, की पुलाचं प्रत्येक काम संगणकावर लावायचं. काम कोणतं, कुणाकडे, सुरू कधी, संपलं कधी. सॉफ्टवेअर आलं, पण तेव्हा फोनची लाइन अशी, की राजापूरहून एक पान उघडायचं तर मधे चहा पिऊन यावं. म्हणून एक सर्व्हर रत्नागिरीच्या ऑफिसात बसवला आणि दुसरा राजापूरच्या पुढे खाडीवर पूल चालू होता तिथल्या पत्र्याच्या साइट ऑफिसात. दर शनिवारी साइटवरची फ्लॉपी एसटीने यायची. दमयंती ती स्टँडवरून आणायची आणि आपल्या सर्व्हरवर चढवायची.

ती फ्लॉपी पाठवणारा माणूस म्हणजे साइट सुपरवायझर नझीर. शारजाला नऊ वर्षं बांधकामावर काढून गावी परतलेला, चाळिशीचा. संगणक त्याला कुणी शिकवला नव्हता. दमयंतीनेच फोनवरून एकेक बटण सांगत शिकवला होता. शनिवारी दुपारी त्याचा फोन ठरलेला. "दमयंतीबाय, फ्लॉपी दिलीय हो. कंडक्टर आपल्यातलाच हाय, पण विसरभोळा. तुम्हीच मागून घ्या." दोन वर्षांत दोघांची गाठ तीन-चारदाच पडली असेल. पण दर आठवड्याला ऐकलेला आवाजही माणसासारखाच ओळखीचा होतो.

२००३ च्या फेब्रुवारीत खांब चारवरच्या स्लॅबचं काँक्रीट चालू असताना खालचे टेकू सरकले. खाली दोघे होते, नझीर आणि त्याच्याच गावचा, त्याच्या शेजारच्या घरातला लवू. दोघेही गेले. लवू बावीस वर्षांचा होता आणि नझीरनेच त्याला कामाला लावला होता.

कंपनीने चौकशी केली. तीन माणसांची समिती रत्नागिरीच्या ऑफिसात दोन दिवस बसली. त्यांनी नोंदी मागितल्या, त्या दमयंतीने छापून दिल्या. त्यात एक ओळ होती: खांब चार, टेकूंची तपासणी, जबाबदारी नझीर, काम पूर्ण. समितीने लिहिलं, की सुपरवायझरने तपासणी न करताच ती पूर्ण झाल्याचं दाखवलं आणि त्या भरवशावर ऑफिसातून परवानगी जाऊन काँक्रीट सुरू झालं. चूक नझीरची ठरली. त्याची बायको सुरय्या एकदा अर्ज घेऊन ऑफिसात आली होती. कागदावरच्या तारखेवर बोट ठेवून ती म्हणत होती, "ही तारीख बघा ना. ही बकरीदची तारीख हाय. त्या दिवशी हे घरात होते. नमाजाला गेले, जेवले, दुपारी पोरीला, झोयाला कुशीत घेऊन झोपले. तपासणी कुठून करणार?" समितीच्या माणसाने तिला सांगितलं, की तपासणी आदल्या दिवशीची दाखवून नोंद नंतर घातली असेल. सुरय्याने आणखी दोन अर्ज पाठवले. दोन्हींना उत्तर एकच आलं.

पूल दुसऱ्या कंत्राटदाराने पुरा केला. साइट ऑफिस उठलं. तिथला सर्व्हर खोक्यात घालून गोदामात ठेवला गेला, आणि तो तिथे तीन वर्षं पडून राहिला.

आता ते खोकं पुन्हा उघडायचं होतं. त्यासाठी पुण्याहून वैष्णवी नावाची मुलगी आली. चोवीस-पंचवीसची, बोलायला मोकळी, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. जुन्या सर्व्हरवरचं सगळं काढून पुण्याच्या नव्या सर्व्हरवर एकत्र मांडायचं, हेच तिचं काम. दमयंतीने तिला आपल्या शेजारची खुर्ची दिली. राजापूरचा सर्व्हर खोक्यातून काढला, तेव्हा त्याच्या पत्र्याला खाडीच्या वाऱ्याने गंज चढला होता आणि आत पालीची अंडी होती. वैष्णवी दोन पावलं मागे सरकली. दमयंतीने फडक्याने सगळं पुसून काढलं. मशीन सुरू होईल असं दोघींनाही वाटत नव्हतं. झालं.

पहिले तीन दिवस माणसांच्या यादीत गेले. एकाच माणसाची दोन्हीकडे दोन वेगळी नावं होती, ती जुळवायची होती. राजापूरच्या यादीत नझीरचं नाव सर्वांत वर होतं. वैष्णवीने विचारलं, "हे कुठल्या ऑफिसात आहेत आता?"

"नाहीत ते," दमयंती म्हणाली. "वारले."

"मग 'माजी कर्मचारी' टाकते," वैष्णवी म्हणाली, आणि थोड्या वेळाने हळूच, "सॉरी."

चौथ्या दिवशी तिने एक यादी छापून काढली. दोन सर्व्हरवर जी नोंद एकसारखी नव्हती, ती प्रत्येक नोंद त्या यादीत होती. चारशे बारा ओळी. "बहुतेक बारीकसारीक असतं," ती म्हणाली. "कुठे तारीख एक दिवस पुढेमागे, कुठे स्पेलिंग. नियम सोपा आहे. फरक असेल तिथे रत्नागिरीची नोंद ठेवायची आणि राजापूरची सोडून द्यायची. आणि टिपा घ्यायच्याच नाहीत. पुण्याला फक्त तारखा आणि काम झालं की नाही एवढंच हवंय. तुम्ही एकदा नजर टाका. काही विचित्र वाटलं तर सांगा."

दमयंती पट्टी लावून एकेक ओळ खाली सरकत गेली. सिमेंटच्या गोण्या, मोजमापं, पावसाचे बुडालेले दिवस. दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर पट्टी थांबली.

खांब चार, टेकूंची तपासणी. रत्नागिरी: पूर्ण. राजापूर: अपूर्ण. टीप आहे.

"ही टीप बघता येईल?" तिने विचारलं.

वैष्णवीने राजापूरच्या मशीनवर ती नोंद उघडली. नझीर मराठीच लिहायचा, पण इंग्रजी अक्षरांत. त्याला तसंच टाइप करता यायचं. बकरीदच्या आदल्या संध्याकाळची नोंद होती. दमयंतीने ती मनातल्या मनात वाचली.

'टेकूखालची माती भुसभुशीत हाय. फळ्या मागवल्या त्या आल्या नाहीत. तपासणी केली नाही. उद्या परवा ईदची सुट्टी. मी येईपर्यंत काँक्रीट घालू नये. कुणाला खाली पाठवू नये. नझीर.'

वैष्णवीने तीच नोंद रत्नागिरीच्या सर्व्हरवर उघडली. "इथे मात्र पूर्ण दाखवलंय. दुसऱ्या दिवशी." तिने आणखी एक पान उघडलं. नोंद कुणी बदलली ते त्या पानावर दिसायचं. रोजच्या कामात ते पान कुणी उघडत नसे, आणि छापील अहवालात ते येतही नसे. "बदलणारा युजर..." वैष्णवी वाचता वाचता थांबली. मग तिने दमयंतीकडे पाहिलं.

पडद्यावर दमयंतीचं नाव होतं.

दमयंती हे विसरली होती असं म्हणता येणार नाही. तो दिवस तिला आठवत होता. दुपारी चारची वेळ, महिन्याचा अहवाल पुण्याला जायचा होता, आणि पडद्यावर खांब चारची ओळ लाल, म्हणजे अपूर्ण, दिसत होती. ऑफिसचे मॅनेजर खातू साहेब तिच्या टेबलाशी उभे होते. "नझीर सुट्टीवर गेलाय ना? मग करूनच गेला असेल. त्याचं काम चोख असतं. टाक पूर्ण." तिने साइटवर फोन लावला होता, कुणी उचलला नव्हता. मग तिने टाकलं पूर्ण. अशा नोंदी तिने त्यापूर्वीही टाकल्या होत्या. शनिवारी फ्लॉपी आली की कमीजास्त जुळवून घ्यायची, हे ठरलेलंच होतं. त्या आठवड्यात फ्लॉपी आलीच नाही. शनिवारच्या आधीच खांब चार कोसळला होता.

त्यानंतर समितीसाठी तिनेच तो अहवाल छापला. ती ओळ कागदावर येताना तिने पाहिली होती. ही मी टाकलेली की नझीरने स्वतः नंतर फोनवरून कुणाकरवी टाकलेली, एवढा एक प्रश्न तिने स्वतःला विचारायला हवा होता, आणि ते आतलं पान उघडायला एक मिनिट लागलं असतं. तीन वर्षांत तिने ते पान उघडलं नव्हतं.

"दमयंतीताई, पाणी आणू?" वैष्णवीने विचारलं.

"नको. या दोन्हींची प्रत काढता येईल का? दोन्ही पानांची. आणि हे नाव दिसतं त्या पानाचीही."

"येईल. पण ताई..." वैष्णवी जरा घुटमळली. "नियमाप्रमाणे गेलं तर ही टीप नव्या सर्व्हरवर जाणारच नाही. आणि काम झालं की या दोन्ही मशीनच्या डिस्क पुसून भंगारात द्यायच्यात. म्हणजे कुणी बघणारही नाही."

तिला काय सुचवायचं होतं ते दमयंतीला कळलं. ती मुलगी वाईट नव्हती. ती तिला वाट दाखवत होती. दमयंती म्हणाली, "या एका ओळीला राजापूरची नोंद ठेव. टिपेसकट."

"मला वरून विचारतील."

"माझं नाव सांग. मी लिहून देते."

वैष्णवीने तसं केलं. चारशे अकरा ओळींना रत्नागिरी आणि एका ओळीला राजापूर.

खातू साहेब अजून मॅनेजर होते. दमयंतीने तिन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून वाचले, पुन्हा वाचले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. नझीरच्या जनाज्याला ते गेले होते, खांदाही दिला होता त्यांनी.

"मी सांगितलं होतं तुला, हे मला आठवतंय," ते शेवटी म्हणाले. "नाही म्हणत नाही मी. पण खाली नाव तुझं आहे, दमयंती. माझं कुठेच नाही. उद्या कुणी विचारलं तर तू एकटीच सापडशील."

"माहीत आहे."

"दोन वर्षांत मी निवृत्त होतोय. तुझी आई अंथरुणावर. काय मिळणार आहे यातून? गेलेली माणसं येणार आहेत का?"

"सुरय्याभाभीने तीन अर्ज दिले होते साहेब. आपण तिला खोटी ठरवली."

"समितीने ठरवली," खातू म्हणाले. पण ते म्हणताना त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनी कागद तिच्याकडे परत सरकवले. "तू काय करायचं ते कर. मला काही दाखवलं नाहीस असं समज."

दमयंतीने घरी आईला फक्त एवढंच सांगितलं, की उद्या राजापूरला जाऊन येते. सकाळच्या एसटीने ती निघाली. आंब्याच्या पेट्यांनी गाडीचा टप भरला होता. वाटेत हातखंब्याला बाजूला बसलेल्या बाईने तिला विचारलं, "नातेवाइकांकडे काय गो?" दमयंतीने मान हलवली. ती हो होती की नाही, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

पुलाच्या अलीकडेच ते गाव. स्टॉपवरून खाली उतरलं की आधी गंगारामचं घर, त्याच्या पुढे एक चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बैठी कुंपणाची भिंत, आणि गडग्यापलीकडे सुरय्याचं. गंगाराम म्हणजे लवूचा बाप. पूर्वी त्या गडग्याला मधे वाट होती. आता तिथे काटेरी फांद्या लावलेल्या होत्या.

सुरय्या ओटीवर शिलाई मशीनवर बसली होती. तिने दमयंतीला लगेच ओळखलं, पण उठली नाही. "ऑफिसातल्या बाय ना तुम्ही? आता काय आणलंत? चौथ्या अर्जाचं उत्तर? मी तर चौथा दिलाच नाय."

"एक कागद दाखवायचाय भाभी. नझीरभाईंनी लिहिलेला."

सुरय्याचा मशीनवरचा पाय थांबला. दमयंतीने पहिला कागद पुढे केला. सुरय्याने तो हातात घेतला, उलटसुलट केला. "ह्या इंग्रजीत हाय."

"अक्षरं इंग्रजी आहेत. आत मराठीच आहे."

सुरय्याने घरात हाक मारली, "झोया!" अकरा वर्षांची मुलगी बाहेर आली. सातवीच्या वर्गात जाणारी, दोन वेण्या, हाताला ओलं पीठ. आईने कागद तिच्यासमोर धरला. दमयंतीला म्हणायचं होतं की मी वाचते. पण तोवर मुलीने अक्षरं लावायला सुरुवात केलीही होती.

"टेकू... खालची माती... भुसभुशीत हाय." ती अडखळत वाचत होती. "फळ्या मागवल्या त्या आल्या नाहीत. तपासणी केली नाही. उद्या परवा ईदची सुट्टी. मी येईपर्यंत काँक्रीट घालू नये. कुणाला खाली पाठवू नये." मग ती थांबली आणि शेवटचा शब्द अगदी लहान आवाजात वाचला. "नझीर. अम्मी, ह्या अब्बांनी लिवलाय?"

सुरय्याने तिच्या हातातून कागद घेतला आणि मांडीवर ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती कागदावरून हात फिरवत राहिली, कपड्याची सुरकुती काढावी तसा. "माका ठाव होता," ती म्हणाली. "म्हणत होते मी. घरात होते म्हणत होते. सगळ्यांना सांगितलं. हा कागद होता कुठे तीन वर्षं?"

"साइटवरच्या मशीनमध्ये. ते बंद करून ठेवलं होतं. परवा उघडलं."

"आणि मग पूर्ण कुणी केलं? तुमच्या कागदावर त्यांच्या नावासमोर पूर्ण लिवलं होतं ना. तो कोण होता?"

वाटेत, एसटीत, दमयंतीने या प्रश्नाच्या उत्तराची कितीतरी वाक्यं जुळवली होती. अहवाल त्याच दिवशी जायचा होता, फोन लावला होता, साहेब उभे होते, नझीरभाईंचं काम चोख असायचं म्हणूनच. आता त्यातलं एकही वाक्य तोंडाशी आलं नाही.

"मी," ती म्हणाली. "मी केलं."

सुरय्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग झोयाला म्हणाली, "तू आत जा. पीठ भिजवून ठेव." मुलगी गेली.

"ते तुमचं नाव घ्यायचे," सुरय्या म्हणाली. "जेवताना सांगायचे, दमयंतीबायनी आज हे शिकवलं, ते शिकवलं. मी विचारायची, कोण ही दमयंतीबाय? ते हसायचे. म्हणायचे, फोनमधली." तिने मांडीवरच्या कागदाची घडी केली. "चौकशीला मी आले होते तेव्हा तुम्ही तिथेच होतात. कोपऱ्यातल्या टेबलाशी. तुम्ही माका पाणी दिलं होतं."

"हो."

"तेव्हा ठाव होतं तुम्हाला?"

"बघितलं नव्हतं. बघायला हवं होतं. बघितलं असतं तर कळलं असतं." दमयंतीला वाटलं, आपण सगळं नीट सांगितलं पाहिजे. "बघायची भीती वाटत होती, असंच असेल."

सुरय्या उठली. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली, चपला घातल्या. "चला माझ्यासंगत. हे तुम्ही तिथे सांगायचं. मी सांगितलं तर तो म्हणेल, बायको हाय, बोलणारच."

गडग्याच्या वाटेवरच्या फांद्या तिने स्वतःच्या हातांनी बाजूला ओढल्या. एक काटा तिच्या बोटात गेला, तो तिने चालता चालता दातांनी काढला. गंगाराम घरापुढच्या खळ्यात जाळं पसरून बसला होता. सुरय्याला आपल्या खळ्यात आलेलं पाहून तो उभाच राहिला. तीन वर्षांत ती पहिल्यांदा आली होती. लवू गेल्यावर बाराव्या दिवशी गंगारामने त्या वाटेवर फांद्या टाकल्या होत्या. नझीरने माझ्या पोराला नेला आणि मारला, असं तो साऱ्या गावात बोलला होता, आणि चौकशीचा कागद आल्यावर गाव त्याच्याच बाजूने झालं होतं.

दमयंतीने उभ्या उभ्याच सांगितलं. टीप वाचून दाखवली. पूर्ण कुणी केलं तेही सांगितलं. गंगारामच्या हातात जाळं विणायची सुई तशीच राहिली होती.

"म्हंजे तो नको म्हणाला व्हता," तो म्हणाला. "लिवून गेला व्हता, कुणाला खाली पाठवू नका."

"हो."

"मग माझा लवू खाली गेला कसा? आणि नझीर कसा? तो तर सुट्टीवरून नुकताच आला व्हता. साइटवर पाय ठेवून अर्धा तास झाला नव्हता. लोकं म्हणाली, दोघं एकदमच खाली व्हते, म्हंजे त्यानंच नेला असणार."

याचं उत्तर कुठल्याच मशीनमध्ये नव्हतं. सुरय्या म्हणाली, "त्या सकाळी ते घरून चहा न पिता पळाले. खाडीकडून काँक्रीटच्या मशीनचा आवाज आला होता. म्हणाले, हे कुणी सुरू केलं? आणि पळाले. मी तुला तेव्हाही सांगितलं होतं गंगारामभाऊ. तू दार लावून घेतलंस."

गंगाराम खाली बसला. आपल्या दोन्ही गुडघ्यांवर त्याने हात ठेवले. मग म्हणाला, "आणायला गेला असेल." आणि पुन्हा, स्वतःशीच, "पोराला बाहेर आणायला गेला असेल."

घरातून लवूच्या आईने पाण्याचा तांब्या आणून दारात ठेवला. तो कुणासाठी होता ते कळलं नाही, आणि कुणी उचलला नाही.

सुरय्या दमयंतीला स्टॉपपर्यंत सोडायला आली. गाडी दिसली तेव्हा सुरय्या म्हणाली, "तुम्ही आलात हे बरं केलंत. न येता चाललं असतं तुम्हाला. हे मी विसरणार नाय." मग थोडं थांबून म्हणाली, "पण परत येऊ नका. तुमचं तोंड बघितलं की माका तो पाण्याचा पेला आठवणार."

दमयंतीने हात जोडले. सुरय्याचं म्हणणं तिने पाळलं.

रत्नागिरीला परत आल्यावर तिने चार पानी जबाब लिहिला. खातूंनी काय सांगितलं तेही लिहिलं, पण आपण नाही म्हणू शकत होतो, हे आधी लिहिलं. एक प्रत कंपनीला आणि एक सरकारी कामगार ऑफिसात दिली. कामगार ऑफिसने पोच दिली. कंपनीकडून सात महिन्यांनी पत्र आलं: माहितीची नोंद घेतली आहे, प्रकरण पूर्वीच निकाली निघाले असल्याने फेरविचाराची आवश्यकता नाही. सुरय्यालाही तशाच मजकुराचं पत्र गेल्याचं तिला पुढे कळलं. दमयंतीला कुणी काढून टाकलं नाही. तिच्याकडून प्लॅनिंगचं काम मात्र काढून घेतलं आणि तिला आवक-जावक टेबलावर बसवलं.

नव्या सर्व्हरवर ती एक ओळ तशीच होती. पूल उभा होता, त्यावरून गाड्या जात होत्या, आणि पुण्याच्या मासिक अहवालात त्याच पुलाचं एक काम अपूर्ण, मुदत टळलेलं, असं लाल दिसायचं. त्या ओळीसमोर दमयंतीचं नाव होतं, म्हणून दर महिन्याला पुण्याहून कुणी नवा माणूस तिलाच फोन करायचा. "मॅडम, हे जुनं काहीतरी चुकून राहिलंय. बंद करून टाका ना." ती सांगायची, "ते काम झालेलं नाही." समोरचा गोंधळायचा. दोन-तीन वेळा तिने सगळी हकीकत सांगितली. नंतर सांगणं सोडलं. २००८ च्या मार्चमध्ये फोन येणं थांबलं. तिने एका ओळखीच्या मुलाला बघायला सांगितलं, तेव्हा कळलं, की वर्षअखेरीच्या साफसफाईत पुण्याहून कुणीतरी सगळी जुनी अपूर्ण कामं एकदम पूर्ण करून टाकली होती. साडेनऊशे कामं. ते कुणी केलं, ते नव्या सर्व्हरवर दिसत होतं. पण ते नाव तिच्या ओळखीचं नव्हतं, आणि त्या माणसाला यातलं काही माहीतही नसणार. त्या दिवशी ती टेबलावरून उठून मागच्या जिन्यात जाऊन बसली. खूप दिवसांनी रडली. खातू साहेब तेव्हा निवृत्त झाले होते. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

पुढच्या वर्षी, आईच्या अस्थींचं विसर्जन करून परत येताना, राजापूरच्या एसटी स्टँडवर तिला गंगाराम भेटला. तो फार वाकला होता. तिला त्याने आधी ओळखलं नाही. मग ओळखलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"सुरय्या गेली हो," तो म्हणाला. दमयंतीने दचकून त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते पाहिलं आणि हात हलवला. "तसं नव्हं. हर्णैला, भावाकडं. पोरीला शिकवायची म्हणून. आता पोरगी दापोलीला शाळेत जाते. घर बंद हाय."

"तुम्ही बोललात का तिच्याशी? नंतर?"

"गेलो व्हतो." तो म्हणाला. "तुम्ही येऊन गेलात त्याच्या चार दिवसांनी गेलो. फांद्या काढून टाकल्या सगळ्या. ती म्हणाली, बसा. च्या दिला. मी म्हणालो, चुकला माझा. ती म्हणाली, हां. मग मी बसून ऱ्हायलो, ती शिवत ऱ्हायली. दर दोन-चार दिवसांनी जायचो. पण बाय, तीन वर्षं एका माणसाला शिव्या घातल्या, त्याच्या पोरीनं त्या ऐकल्या. ती पोरगी माझ्या पुढ्यात कधी आली नाय. आत असायची. आवाज यायचा फक्त."

त्याची गाडी लागली. त्याने पिशवी उचलली, दोन पावलं गेला आणि परत वळला. "तिकडचा पत्ता हाय माझ्याकडं. तुम्हाला देऊ?"

दमयंतीने मान हलवली, नको म्हणून. गंगाराम गाडीत चढला. गर्दी नव्हती, त्याला खिडकीशी जागा मिळाली. गाडी मागे येऊन वळली, आणि त्याने तिच्याकडे पाहून हात वर केला. तिनेही केला.